एल्डर ऑलरेड आणि न बुडणारा पाय

एल्डर म्हणजे वडीलधारा. आपला हा वडीलधारा अजून एकवीस वर्षांचाही नव्हता. आठवड्यातून दोनदा दाढी केली असती तरी भागलं असतं, पण नियमात रोज असं लिहिलं होतं. म्हणून ट्रेंट ऑलरेड रोज सकाळी नसलेल्या दाढीवर साबण फासून ती इमानेइतबारे खरवडायचा. छातीवर काळी पट्टी, पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत ‘एल्डर ऑलरेड’. अल्बेनियातल्या कोर्चा गावच्या बाजारात कांद्याच्या पाती विकणाऱ्या बायका ती पट्टी वाचायच्या आणि एकमेकींना कोपर मारायच्या.

सानियेमावशीने तर पहिल्याच दिवशी दारात उभं राहून विचारलं होतं, “तुमच्यातला वडीलधारा कोण?”

“आम्ही दोघंही,” ऑलरेड म्हणाला.

“हो का? माझी शेगडी तुमच्या दोघांपेक्षा वयाने मोठी आहे. या, आत या, गारठलात.”

दुसरा वडीलधारा म्हणजे फिफिता. टोंगा बेटावरचा, दाराच्या चौकटीएवढा रुंद. बोलायचा कमी, खायचा मनापासून. त्यांच्या ख्रिस्ती पंथाचा नियम असा की धर्मप्रचारकांनी सदैव जोडीने राहायचं. एक न्हाणीघरात असेल तर दुसऱ्याने निदान हाकेच्या अंतरावर बसायचं. असे ते दोघे चार महिने एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर बसून होते. साडेसहाला उठायचं, अर्धा तास जोर-बैठका, मग ग्रंथवाचन, मग जोडीने वाचन, मग अल्बेनियन भाषा. दहाच्या ठोक्याला टाय लावून, बर्फ तुडवत, लोकांची दारं ठोठावायला बाहेर. मधल्या वेळेत फिफिता झोपायचा आणि ऑलरेड त्याच्या झोपेबद्दल देवाजवळ तक्रार करायचा. त्या तक्रारीला तो प्रार्थना म्हणायचा.

ऑलरेडचा बाप अमेरिकेतल्या आयडाहोतला बटाट्याचा शेतकरी. तरुणपणी तोही धर्मप्रचाराला ब्राझीलला गेला होता आणि दोन वर्षांत एकेचाळीस माणसांना पाण्यात बुचकळून बाप्तिस्मा देऊन आला होता. एकेचाळीस! दर रविवारी जेवणाच्या टेबलावर हा आकडा वाढला जायचा, आधी आकडा, मग बटाटे. ऑलरेडला अल्बेनियात येऊन साडेबावीस महिने झाले होते आणि त्याचा आकडा शून्य होता. पूर्ण, गोल, गुळगुळीत शून्य. सहा आठवड्यांनी घरी गेल्यावर गावच्या चर्चमध्ये उभं राहून त्याला भाषण करायचं होतं. समोर पहिल्या बाकावर बाप असणार होता.

रविवारी संध्याकाळी आकडे कळवायचे असत. फोनवर पलीकडे एल्डर स्टॉकडेल. हा विभागाचा पुढारी. ऑलरेडपेक्षा सात महिन्यांनी लहान, पण आवाज विमा विकणाऱ्याचा.

“किती दारं, एल्डर?”

“दोनशे चौदा.”

“किती धडे?”

“सहा.”

“आणि पाण्यापर्यंत किती?”

ऑलरेडने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“एल्डर, श्रद्धा कमी पडतेय का?”

श्रद्धा कमी नव्हती. इतकी होती की समोरचं माणूस दिसायचंच नाही. लोक या पोरांना घरात बोलवत, शेगडीजवळ बसवत, घरचं सरबत आणि सुक्या अंजिरांचा मुरंबा पुढे करत, त्यांची सगळी बडबड ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, “छान सांगता हो! परत या.” ऑलरेड जिना उतरता उतरता वहीत लिहायचा: ‘फार उत्सुक कुटुंब.’ ती वही उत्सुक कुटुंबांनी भरून गेली होती.

सानियेमावशी त्या वहीतलं सगळ्यांत उत्सुक कुटुंब. वय चौऱ्याहत्तर, एकटी. नवरा वारलेला, मुलगा ग्रीसमध्ये लोकांच्या भिंती रंगवणारा. सारा जन्म विणकामाच्या कारखान्यात यंत्रापुढे उभं राहून काढल्यामुळे उजवा गुडघा धरलेला, पाय वाकायचाच नाही. ही पोरं तिची लाकडं फोडून तिसऱ्या मजल्यावर नेऊन द्यायची. खरं म्हणजे फोडायचा फिफिता. ऑलरेड शेजारी उभा राहून तिला तारणाची, म्हणजे आत्म्याच्या उद्धाराची, योजना समजावून सांगायचा आणि मधूनच बापाचे एकेचाळीसही.

“मावशी, देव आहे असं तुम्हाला वाटतं?”

“वाटतं की. घे, अजून एक तुकडा घे.” ती कांद्याच्या पातीचं सारण भरून भाजलेला गरम लाकरोर पुढे सरकवायची.

“आमच्या पैगंबराला देव दिसला होता, हे पटतं?”

“का नाही पटणार? दिसला असेल. तू खात नाहीस बाळा, बघ तो कसा खातो.”

ऑलरेडच्या अंगावर काटा यायचा. तो काटा म्हणजे देवाची साक्ष, अशी त्याची समजूत. खोलीची खिडकी नीट बसत नव्हती, तेही एक कारण असू शकलं असतं.

एकदाच तिने जुनं काही सांगितलं. कारखान्यात सभा भरली होती, देव नाही असा सरकारी हुकूम निघाला होता आणि सगळ्यांनी हात वर करायचा होता. “केला मी वर. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी चौकात दुसरी सभा भरली, देव आहे म्हणाले. तेव्हाही केला. माझा हा खांदा बघ, सांध्यात अजून कसा मोकळा आहे!”

फिफिता खो खो हसला. ऑलरेडने वहीत लिहिलं: ‘छळातून श्रद्धा टिकवली.’

जानेवारीअखेर त्याने तो प्रश्न विचारला. “मावशी, तुम्ही बाप्तिस्मा घ्याल?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. पोराचं नाक लाल झालेलं, डोळ्यांत पाणी, मांडीवर धड्यांची पुस्तिका उघडी आणि बोट नेमकं त्याच प्रश्नावर.

“तुला हवंय ना?” तिने विचारलं.

“मला नाही, देवाला.”

“बरं. घेते.”

त्या सोमवारी इंटरनेट कॅफेत बसून ऑलरेडने बापाला साडेतीन पानांचं पत्र धाडलं. उत्तर एका ओळीचं आलं: ‘पहिला सगळ्यांत अवघड असतो.’ ऑलरेडने ती ओळ छापून घेतली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

मग रीतीप्रमाणे स्टॉकडेल तिची मुलाखत घ्यायला आला. तिच्याच घरी, तिच्याच शेगडीजवळ. हे मानता? मानते. ते मानता? मानते. दारू सोडाल? सोडीन. कॉफी सोडाल? इथे मावशीने एक क्षण खिडकीबाहेर पाहिलं. “सोडीन,” ती म्हणाली आणि स्टॉकडेलच्या बशीत तिसऱ्यांदा लाकरोर वाढला. जिना उतरताना स्टॉकडेलने ऑलरेडची पाठ थोपटली. “सोनं आहे हे, एल्डर. अस्सल सोनं.”

फिफिता मागून हळूच म्हणाला, “ती कशालाच नाही म्हणाली नाही, बघितलंस? मी तिच्याकडे तिची शेगडी मागितली असती तरी देऊन टाकली असती.”

“एल्डर, तुझ्यात संशयाचा आत्मा आहे.”

“असेल. पण पाहुण्याला नाही म्हणणारी बाई या गावात मी तरी बघितली नाही.”

फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे अकरा. पंथाची जागा म्हणजे एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानावरचा मजला. मागच्या खोलीत फायबरचा हौद. पाणी तापवायला रात्री हीटर लावला होता, पहाटे वीज गेली, म्हणून पाणी फक्त बर्फ नव्हतं इतकंच. मावशीला पांढरा पायघोळ झगा दिला होता, दोन बाया मावतील असा.

“कफनाचं माप आधीच घेतलं वाटतं,” ती म्हणाली.

ऑलरेडही पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी, ओठ निळे. हौदाच्या एका बाजूला फिफिता, दुसऱ्या बाजूला स्टॉकडेल. हे साक्षीदार. पंथाचा नियम कडक. माणूस नखशिखांत पाण्याखाली गेला पाहिजे. एक बोट, केसाची एक बट जरी वर राहिली तरी तो बाप्तिस्मा धरत नाहीत, पुन्हा करायचा. साक्षीदारांनी हेच बघायचं असतं. देवाच्या घरची तपासणी.

ऑलरेडने हात उंचावून, आवाज थरथरू न देता शब्द म्हटले आणि मावशीला मागे झुकवून बुडवलं. मावशी गेली पाण्याखाली. तिचा उजवा पाय मात्र वर आला. न वाकणारा, सरळ, घोट्यापासून पुढे पाण्याबाहेर. जहाजाच्या डोलकाठीसारखा.

“पाय,” स्टॉकडेल म्हणाला.

मावशी वर आली, खोकली. “झालं?”

“मावशी, पाय राहिला. पुन्हा एकदा.”

“पायाला काय पाप लागलंय? सगळा जन्म उभा होता बिचारा.”

दुसऱ्यांदा ऑलरेडने तिला जास्त खोल दाबलं. पाय तेवढाच जास्त वर आला.

“पाय,” स्टॉकडेल म्हणाला.

“अरे, मागे ते गिटारवाले आले होते ना,” मावशी दात वाजवत म्हणाली, “त्यांनी नुसते चार थेंब शिंपडले. पाच मिनिटांत घरी.”

ऑलरेडचा हात तिच्या पाठीवरच थिजला. “कोण गिटारवाले?”

“हॉलंडचे की कुठले. चांगली पोरं. आणि त्यांच्या आधी ती जर्मन बाई, तिने तलावात नेलं होतं. पण तेव्हा उन्हाळा होता रे, आणि गुडघाही बरा होता.”

स्टॉकडेलने घसा खाकरला. “त्यांना अधिकार नव्हता. ते धरत नाहीत. एल्डर, चल, तिसऱ्यांदा.”

तिसऱ्यांदा पाणी हौदाबाहेर सांडलं, मावशीच्या नाकातोंडात गेलं, आणि या गोंधळात टाच बुडली, घोटा बुडला, अंगठा… ऑलरेडने मान वर करून फिफिताकडे पाहिलं. स्टॉकडेलच्या बाजूने झगा आडवा आला होता, त्याला काही दिसलं नव्हतं. दिसलं होतं फक्त फिफिताला. ऑलरेडचे डोळे त्याला विनवत होते. सगळं आयडाहो, एकेचाळीस ब्राझिलियन आणि पहिल्या बाकावरचा बाप, सगळे त्या डोळ्यांतून फिफिताकडे बघत होते.

“फिफिता?” स्टॉकडेलने विचारलं.

“अंगठा,” फिफिता म्हणाला. “अंगठा बाहेर होता.”

“नव्हता!” ऑलरेड ओरडला.

“होता रे. मला खोटं सांगायला लावू नकोस.”

स्टॉकडेलने विमा विकणाऱ्याचा आवाज काढला. “असं करू. फिफिता आत उतरेल आणि पाय धरून ठेवेल.”

मावशीने दोन्ही हातांनी हौदाचा काठ धरला. “एकाने डोकं धरायचं, एकाने पाय धरायचा. मेंढी कापताय की काय? बास.”

“मावशी, एकदाच! शेवटचं!” ऑलरेडचा आवाज फाटला. “तुमच्या आत्म्यासाठी.”

“माझ्या आत्म्यासाठी की तुझ्या बापासाठी?”

ऑलरेडने तिच्या पाठीवरचा हात काढून घेतला. पाणी हौदाच्या भिंतींवर डुचमळत राहिलं.

“पण तुम्ही हो म्हणाला होता,” शेवटी तो म्हणाला. “देव आहे म्हणालात. पैगंबर पटतो म्हणालात. कॉफी सोडते म्हणालात.”

“तुम्ही माझ्या घरात बसला होता ना. माझ्या शेगडीजवळ, माझ्या हातचं खात. घरी आलेल्याला नाही म्हणू? माझ्या आईने मला असं वाढवलं नाही. इथे घर तुमचं आहे. इथे मी पाहुणी. म्हणून आता सांगते, नाही.”

“म्हणजे ते सगळं खोटं होतं?”

“खोटं कसं? तुला बरं वाटलं की नाही?”

साडेबावीस महिन्यांची वही, त्यातली सगळी फार उत्सुक कुटुंबं, सगळे मुरंबे, सगळी सरबतं ऑलरेडच्या डोळ्यांसमोरून गेली आणि जाता जाता प्रत्येकाने त्याला हसून सांगितलं: परत या. त्याला रडू आलं. चेहरा आधीच ओला होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मावशीच्या आलं.

“रडतोस काय घोड्या? मला बाहेर काढ, गारठून मेले तर बापाला काय सांगशील?”

फिफिताने तिला उचलून बाहेर काढलं, जसा तो लाकडाचा भारा उचलायचा तसं. टॉवेल एकच होता, तो तिच्या खांद्यावर. ती हीटरजवळच्या खुर्चीत बसली, वीज आली होती पण हीटरला अजून ते पटत नव्हतं. पाय समोर ताठ, निळसर, पाणी गळत होतं. स्टॉकडेल हातात छापील कागद आणि पेन घेऊन आला.

“एल्डर, मग मी इथे काय लिहू? पुढच्या शनिवारी असं लिहू का?”

“शून्य लिही,” ऑलरेड म्हणाला.

“असा कागदावर रकाना नाही.”

“मग काहीच लिहू नकोस.”

स्टॉकडेल निराश होऊन फोन करायला बाहेर गेला. ऑलरेड मावशीसमोर उभा राहिला. पुस्तिका कपड्यांत होती, कपडे दुसऱ्या खोलीत. पुढचा प्रश्न कुठला असतो ते त्याला आठवेना. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याने पुस्तिकेत नसलेलं काहीतरी विचारलं.

“मावशी, तुम्हाला काय हवंय?”

तिने वर बघितलं. जणू हे बोलणारं पोर नवीनच होतं.

“कोरडे मोजे. तिथपर्यंत वाकता येत नाही मला, पोरा, गेली अकरा वर्षं.”

ऑलरेड दुसऱ्या खोलीत गेला, आपल्या बुटांत खोचलेले काळे मोजे घेऊन आला आणि गुडघ्यावर बसला. टॉवेलच्या टोकाने तिचा पाय पुसू लागला. बोटांमधून पुसायचं त्याला सुचलं नाही, तिने सांगितलं. मग मोजा चढवू लागला. त्याची बोटं थंडीने वळत नव्हती.

“हळू! पाय आहे तो, बटाट्याचं पोतं नाही.”

“सॉरी, मावशी.”

“आणि टाच बघ कुठे गेलीय. टाच मागे असते. काढ तो, आणि परत घाल.”

ऑलरेडने मोजा काढला आणि परत घालायला घेतला.