ताईंची ओटी भरली नाही, तो दिवस

चाळ सोडली तेव्हा कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे उद्या कुणी बोलायला नको की आम्ही नव्हतोच. मी होते. माझा मुलगा दीपक, सून वैशाली, नात सायली, ती तेव्हा शाळेत होती. समोरच्या खोलीतली शेवंता, तिचे मालक भिकूभाऊ आणि त्यांचा सचिन. वरच्या माळ्यावरचे गुरव काका, त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलेलं. मोरे होते, साळुंखे होते, जिन्याखालच्या खोलीतली एकटी यशोदा होती. महापालिकेचा साहेब होता, पोलीस होते, टेम्पोवाला सारखा हॉर्न मारत होता. आणि आमच्या वॉर्डाच्या ताई होत्या, नगरसेविका. त्यांचं नाव नाही घेत. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

हे मी बोलते आणि सायली मोबाईलमध्ये लिहिते. मी शाळेत फार गेले नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

चाळ आपली कल्याणात, बाजाराच्या मागे. मी पोलादपूरकडची, लग्न होऊन तिथं आले. निघताना माझी आई बोललेली, "रडायचं असलं तर मोरीत जाऊन रड, माणसांत नको." ते मी आयुष्यभर पाळलं. मिरचीची गाडी बाजारात खाली झाली की अख्खी चाळ शिंकायची. पहिले दिवस मला वाटायचं इथं कसं राहायचं. मग शिंकायची पण सवय झाली. माझे मालक गेले त्याच खोलीत. दीपकचं लग्न त्याच चाळीच्या पॅसेजमध्ये, सगळ्यांच्या दाराला आंब्याची पानं. नवरात्रात आम्ही बायका ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला जायचो, सगळ्या एकत्र, आणि येताना शेवंता हमखास चप्पल हरवून यायची.

मग नोटीस लावली. इमारत धोकादायक, पावसाच्या आत खाली करा. आम्ही बोललो, आम्ही हलणार नाही. पोलीस आले तरी बायका दारात बसून राहिलो. तेव्हा ताई आल्या. पॅसेजच्या मधोमध उभ्या राहिल्या, पदर पुढं केला आणि बोलल्या, "माझी ओटी भरा. मी तुमची माहेरवाशीण. शब्द देते, याच जागेवर तुम्हाला घर बांधून देईन. नाही दिलं तर तोंड दाखवणार नाही."

आता तुम्हीच सांगा, बाई पदर पसरून उभी आहे, कोण नाही म्हणणार? शेवंताने ओटी भरली. खण तिचा, नारळ मोऱ्यांच्या घरचा, तांदूळ माझ्या डब्यातले. मी विधवा, मी बाजूला उभी. ओटी भरली आणि आमच्या मनात विषय संपला. साहेबाकडून, ताईंकडून काही लिहून घ्यावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. लेकीकडून कोण लिहून घेतं? एकटे गुरव काका खुर्चीतून बोलले, "अगं, कागद मागा कागद." त्यांना बायकांनीच गप्प केलं. ओटी भरल्यावर असं बोलू नये म्हणून.

टेम्पो भरले. कुणी टिटवाळ्याला भावाकडे, कुणी बदलापूरला, यशोदा गावाला. आम्हा बाकीच्यांना कोपरला एका बिल्डिंगीत खोल्या दिल्या. तात्पुरत्या, असं बोलले. तात्पुरतं म्हणून गुरव काकांना खुर्चीसकट चौथ्या माळ्यावर चढवलं. लिफ्ट होती, पण तिचं दार उघडलेलं मी कधी बघितलं नाही. काका परत खाली आले ते तिरडीवरनंच.

चाळीत दार लावायची पद्धत नव्हती. इथं दार लावलं नाही तर सून ओरडते, आई, कुणीही घुसेल. चाळीत भाजी काय केली ते वासावरनं कळायचं. इथं खिडकीतनं फक्त रुळांचा आवाज येतो. पाणी दिवसाआड. सायलीला विचारलं, तुझं घर कुठं, तर ती बिल्डिंगचं नाव सांगते, फ्लोर सांगते, लँडमार्क सांगते. मला विचारलं तर मी अजून कल्याण सांगते. मतदानाला पण आमची नावं त्याच जुन्या वॉर्डात राहिली.

मग पक्ष फुटला. तुम्हाला माहीत आहे, मी काय सांगू. टीव्हीवर दिवसभर तेच. ताई दुपारी इकडं होत्या, संध्याकाळी तिकडं गेल्या, गळ्यातला गमछा बदलला. मोठी माणसं गेली, ती नंतर एकमेकांच्या लग्नाला पण जातील. पण आमची पोरं? दीपक जुन्यात राहिला, सचिन ताईंच्या मागं गेला. ही दोघं एका ताटात जेवलेली. पक्षाच्या ऑफिसच्या कुलपावरनं जुंपली आणि सचिनने दीपकच्या कपाळावर पाना मारला. टाके पडले. पोरांचं बघून घरांनी बोलणं टाकलं. इथं पण समोरासमोर दार, पण शेवंता माझ्याशी बोलेना, मी तिच्याशी बोलेना. गच्चीवर कपडे वाळत घालताना ती आली की मी खाली जायचे. चाळ पाडली त्याचं मला एवढं वाटलं नव्हतं.

मधल्या काळात मोऱ्यांचा मुलगा कल्याणला जाऊन बघून आला. चाळीच्या जागेवर पत्रे मारलेत आणि मोठा बोर्ड. लग्नाचा एसी हॉल होणार. खाली ताईंचा फोटो, हात जोडलेला. बोलला, "आजी, आपल्या घराचं नावच नाही कुठं."

दीपक आधी तावातावाने बोलायचा. मग तो पण गप्प झाला. तो ज्या ठेकेदाराकडे कामाला, तो ठेकेदार ताईंचा. घराघरात तेच. कुणाचा मुलगा, कुणाचा जावई, कुणाची टपरी. तोंड उघडायचं तर घरातल्या एकाचं तरी पोट आडवं यायचं. भीती म्हणजे कुणी सुरा दाखवतो असं नसतं. जेवताना मुलगा बोलतो, "आई, जाऊ दे ना," ती भीती.

किती वर्षं निवडणूकच नव्हती. मग एकदाची लागली आणि ताई कोपरला आल्या, कारण आमची मतं त्यांच्याच वॉर्डात. दुपारची वेळ. आधी ताशा ऐकू आला, मग पोरांचा घोळका, मग ताई. चार माळे चढून धापा टाकत होत्या. साडी नेसलेल्या. एरवी त्या ड्रेसमध्ये असतात, मोबाईलवर बघितलंय मी.

"आजी, ओळखलंत का?"

मी बोलले, "मी ओळखलं. तुम्हालाच पत्ता सापडायला उशीर झाला."

हसल्या. त्यांच्याबरोबरची बाई आत डोकावून बोलली, "सवाष्ण कोण आहे घरात? ताईंची ओटी भरा पटकन, अजून तीन बिल्डिंगी करायच्यात."

वैशाली सूप घेऊन आली. तिने आधीच तयारी केलेली, दीपकने सांगितलेलं. नारळ सुपात गडगडत होता. दीपक आतल्या दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. डोळ्यांनी बोलत होता, आई, नको काही बोलू.

मी वैशालीला बोलले, "नारळ आत ठेव."

मग मी ताईंना बोलले, "बसा. पाणी घ्या. चार जिने चढून आलात. पण ओटी नाही भरायची. मागची अजून फिटलेली नाही."

ताई बोलल्या, "आजी, दारात आलेल्या माहेरवाशिणीला असं रिकामं पाठवतात का?"

"माहेर कुठंय, ताई? तिथं तर तुमचा हॉल होतोय."

एक पोरगा फिस्सकन हसला, दुसऱ्याने त्याला ढोसलं. बरोबरची बाई बोलली, "वय झालंय आजींचं, चला पुढं." मी विधवा, मला ओटी भरायचा मान कुणी कधी दिला नाही. त्यामुळे तो मान जाईल अशी भीती पण नव्हती. पण वैशालीचं तसं नव्हतं. ती सूप घेऊन माझ्या मागं उभी राहिली, आत गेली नाही, पुढं पण गेली नाही. तिचं मला कौतुक वाटलं.

मग ते समोर वळले. शेवंताचं दार उघडंच. सचिन स्वतः ताईंच्या घोळक्यात, छाती काढून. "आई, ये लवकर." शेवंता हिरवी साडी नेसून उभी, हातात सूप, त्यात खण, नारळ, सगळं. सत्तरीला आलेली बाई. उंबऱ्यापर्यंत आली. माझ्याकडे बघितलं. किती वर्षांनी बघितलं असेल. मग सूप खाली ठेवलं आणि बोलली, "मला नाय जमणार आज. मी बाजूला बसलेय."

कुणाला काही कळेना. ताईंबरोबरची बाई बोलली, "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? बाईमाणूस ना तू? महिन्याची अडचण आहे. आज सकाळीच. शिवू नका मला कुणी."

सचिन लाल झाला. "आई, काय बोलतेयस?"

"तुला काय कळतं बायकांचं? सरक मागं, शिवशील."

अहो, सत्तरीची बाई! भिकूभाऊ आतल्या खाटेवर पडून हसत होते, खोकला लागेपर्यंत. पण आता तिला कोण विचारणार? चारचौघांत, बाप्यांच्या घोळक्यात, कोण बोलणार की म्हातारे, खोटं बोलतेस? ताईंचा पदर तसाच हातात राहिला.

आणि मग ते खाली पसरलं. तिसऱ्या माळ्यावर साळुंख्यांची सून, बाजूला बसली. तिची सासू, ती पण. दुसऱ्या माळ्यावर नवीन लग्न झालेली पोरगी दारातनंच हात हलवून बोलली, "काकू, सॉरी, मला पण." पुढच्या दारातल्या मोऱ्यांच्या बाईने दार उघडलंच नाही, आतनंच ओरडली, "शिवत नाही मी!" अख्खी बिल्डिंग एकाच दिवशी बाजूला बसली. कुणी घोषणा दिली नाही, कुणी शिवी दिली नाही. ताई रिकाम्या पदराने उतरल्या. ताशेवाल्यांनी मध्येच वाजवायचं थांबवलं.

ते गेल्यावर शेवंता तिच्या दारात, मी माझ्या. मी बोलले, "काय गं, या वयात?" ती बोलली, "तुझ्यामुळं सुरू झालं परत." दोघी हसलो. मग मला रडू आलं, म्हणून मी मोरीत गेले.

ही गोष्ट इथं संपवली तर बरी वाटेल. पण मी खोटं सांगायला बसलेली नाही. ताई निवडून आल्या. गुलाल उडाला, डीजे वाजला. आमच्या एका बिल्डिंगीने काय होतंय? दीपकला ठेकेदाराने दुसऱ्याच आठवड्यात बोलावलं आणि उद्यापासून येऊ नको बोलला. कारण दिलं नाही. दीपक बरेच दिवस माझ्याशी धड बोलला नाही. एकदा बोलला, "तुझं काय गेलं, आई?" खरं आहे. माझं काय गेलं. वैशाली आता दोन घरची पोळीभाजी करते. सचिन घर सोडून दिव्याला राहायला गेला, आईला फोन पण करत नाही. शेवंता दाखवत नाही, पण जिन्यात पाय वाजला की बघते. आमची दोघींची पोरं अजून शत्रूच आहेत आणि मला नाही वाटत माझ्या डोळ्यांसमोर ती एक होतील.

मग झालं काय, असं विचाराल. एवढंच झालं की बायका खाली उतरल्या. आधी आम्ही एकमेकींना बघून दार लावायचो. आता संध्याकाळी जिन्यात बसतो. पहिल्या दिवशी नुसत्या हसलो. मग बोलायला लागलो. मग साळुंख्यांची सून बोलली, "आपण महापालिकेच्या ऑफिसला जाऊया ना. घरात बसून काय करायचं?" तर गेलो. पहिल्यांदा शिपायाने गेटवरनंच हाकललं. परत गेलो. साहेब जागेवर नव्हता. परत गेलो. साहेब बोलला, तुमचा नगरसेवक कोण, त्यांना भेटा. वैशाली, जी सूप धरून माझ्या मागं उभी होती, ती बोलली, "साहेब, आम्ही त्यांच्याकडनं आलो नाही. आम्ही आमच्याकडनं आलोय." तिला असं बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आम्ही तिथंच जमिनीवर बसलो, डबे उघडले, जेवलो. परत दुसऱ्या दिवशी. शेवटी वरच्या साहेबाने सुनावणी लावली.

आता तो बोलला ते नीट ऐका, कारण ते तुमच्यासाठी आहे. तो बोलला, चाळीत राहणारे लोक स्वतः समोर उभे राहिले पाहिजेत. कोपरला आहेत तेवढेच आले तर बाकीच्यांनी हक्क सोडला असं धरलं जाईल, आणि हॉलला परवानगी मिळेल.

मला काही त्या जागेत राहायला मिळणार नाही, मला माहीत आहे. बांधेस्तोवर मी नसेन. पूर्वी मला घर म्हणजे ती खोली वाटायची, तिची मोरी, तिचा उंबरा. ते सगळं डंपरमधनं गेलं, कुठल्या खाडीत टाकलं देव जाणे. आता मला विचाराल तर साहेबाच्या टेबलासमोर जमिनीवर डबे उघडून आम्ही बायका बसलेलो, ते मला घरासारखं वाटलं. तेवढंच राहिलंय. ते पण किती दिवस राहील सांगता येत नाही.

तर ज्यांच्याकडे हे पोचेल, टिटवाळ्याला, बदलापूरला, दिव्याला, गावाला, त्यांना सांगते. येत्या सोमवारी सकाळी कल्याणच्या ऑफिसला या. घरातला एक माणूस आला तरी चालेल. कामाला सुट्टी नसेल तर आईला पाठवा, बायकोला पाठवा. तुम्ही कुठल्या पक्षात गेलात, इतके दिवस का गप्प होतात, दीपकच्या डोक्यात पाना कुणी मारला, मी कुणाला काही विचारणार नाही. सचिन, तू पण ये. फक्त नाव पुकारतील तेव्हा "हजर" बोला.