दत्ताचं च्यक्

भूत, आत्मा, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुणी सांगायला लागलं की मी उठून कामाला लागायचे. आताही चारचौघांत सांगायची हिंमत नाही, शिक्षण चौथीपर्यंतच. म्हणून लिहून ठेवते, माझ्यापुरतं.

दत्ता माझा धाकटा भाऊ. फौजेत होता. शांतिसेनेच्या तुकडीबरोबर आफ्रिकेत गेला. तिथं बायका-पोरांच्या छावणीवर हल्ला झाला, त्यांना वाचवताना त्याला गोळी लागली. आमच्या तळवड्याच्या चौकात दरवर्षी त्याच्या आठवणीचा कार्यक्रम होतो. यंदा फ्लेक्सवर छापलं – 'सीमेवर शहीद'.

कधी नव्हे ते मी कार्यकर्त्याला म्हटलं, "दादा, तो सीमेवर नव्हता..."

"ताई, आफ्रिका म्हटलं की लोक विचारतात, तिकडं आपलं काय काम? सीमेवर म्हटलं की कशा टाळ्या पडतात!"

टाळ्या! माझा भाऊ जिथं पडला त्या जागेचं नावसुद्धा यांना जड झालं.

संध्याकाळी आमच्या वॉर्डातले पुढारी भाषणाला उभे राहिले. "आपला दत्ता सीमेवर लढता लढता –"

"च्यक्!"

स्पीकरमधून. मोठ्यांदा.

तो आवाज मी ओळखला. दत्ताला 'नाही' म्हणायचं असलं की तो लहानपणापासून अशीच जीभ वाजवायचा. आई ओरडायची, "तोंड नाही का रे तुला?"

पुढाऱ्यांनी परत सुरुवात केली. "सीमेवर –"

"च्यक्!"

"भाऊ, स्पीकरात पाल शिरलीय!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. माझ्या भावाच्या हार घातलेल्या फोटोसमोर हसले!

माईकवाले सलीमभाई धावत आले. वायरी बदलल्या, दुसरा माईक दिला. 'सीमेवर' म्हटलं की पुन्हा तेच. शेवटी पुढारी वैतागले. "राहू द्या. बहिणीलाच दोन शब्द बोलू द्या."

माईक हातात आला. भीती थोडी, संताप जास्त. म्हटलं, "तो सीमेवर नाही गेला. आफ्रिकेत गेला. दुसऱ्यांची लेकरं वाचवताना गेला. त्याला टाळ्या वाजवायच्या तर वाजवा, नाहीतर राहू द्या."

स्पीकर गप्प. साधी खरखरसुद्धा नाही. टाळ्याही नाहीत.

सामान आवरताना सलीमभाई म्हणाले, "ताई, सगळं खोलून बघितलं. पाल नाही, झुरळ नाही. आवाज कुठून आला, अल्ला जाने."

मलाही आजवर कळलेलं नाही.

फ्लेक्स मात्र अजून तसाच आहे. तोच फोटो, तेच 'सीमेवर'. काल कामावर जाताना त्याच्यासमोर थांबले. कंपनीच्या बससाठी ही गर्दी. सगळ्यांच्या देखत मी जीभ वाजवली –

च्यक्!

दोघी-तिघींनी वळून बघितलं. बघू देत.