कुंकू लागलेला डोळा

बडनेरा स्टेशनवर उतरलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. पिशवीत लॅपटॉप, मीटर आणि पक्कड. पुण्याहून आलो होतो, पण मला कोणी बोलावलं नव्हतं. उलट शेंदूरजनाघाटचे सुधाकरभाऊ फोनवर म्हणाले होते, "कायले येता जी? मशीन मस्त चालून राह्यली."

ती मस्त चालत होती, म्हणूनच मी निघालो होतो.

त्यांच्या गोदामातलं संत्री पेट्यांत भरायचं यंत्र मीच बसवलेलं. तिथे दोन सेन्सर (आमच्या भाषेत डोळे) समोरासमोर असतात. त्यांच्यामधल्या प्रकाशाच्या रेघेत हात आला, की पीएलसी (यंत्राला हुकूम देणारा छोटा संगणक) पेटी ढकलणारा दांडा जागीच थांबवतो. दसऱ्यानंतर हात नसतानाही दांडा थांबू लागला. माल येऊन पडलेला. मी पुण्यात बसून सांगितलं, "सेन्सरच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाका." म्हणजे यंत्राला कळवलं, की वाट कायम मोकळी आहे. अकोल्याच्या एका डाळमिललाही मी पूर्वी हाच सल्ला दिला होता.

त्या दांड्यापाशी कमलाबाई पेटीतली संत्री सारखी करत उभ्या असतात, हे मला ठाऊक होतं. तरी सांगितलं. त्यानंतर झोप लागेना.

अमरावतीच्या बसस्टँडबाहेर गिला वडा (दह्या-चटणीत भिजवलेला वडा) घेतला, तो अर्धाच खाल्ला. मोर्शीच्या पुढे काळी शेतं मागे पडून संत्र्यांच्या बागा लागल्या. झाडांच्या फांद्यांना बांबूंचे टेकू, आणि मागे सातपुड्याची निळी कड. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "व्यापारी का?"

"नाही, मशीनवाला."

"मंग सांभाळून बापा. या टायमाले मशीन बंद पडली त लोक मारतीन."

गोदामात शिरलो तेव्हा दांडा सपासप ये-जा करत होता आणि कमलाबाईंचा हात प्रत्येक वेळी शेवटच्या क्षणी बाहेर येत होता. मी धावत जाऊन लाल बटन दाबलं.

"कावून बंद केली?" सुधाकरभाऊ ओरडले. "बाहेर ट्रक उभा आहे!"

"ती वायर काढल्याशिवाय चालू करणार नाही."

"तुमीच त जोडाले सांगतली!"

"मीच सांगितली. चूक माझी आहे."

ते पुटपुटत ट्रकवाल्याकडे गेले. मी वायरींचा तो जोड तोडला आणि सेन्सरपाशी वाकलो. काचेवर लाल ठिपका होता, हळदकुंकवाचा. खंडेनवमीला यंत्राची पूजा झालेली.

"मीनंच लावलं," कमलाबाई म्हणाल्या. "डोळे म्हणता तुमी त्याले, म्हणून दोघायलेही लावलं. माह्या कुकवानं मशीन आंधळी झाली म्हणता?"

"आंधळी मी केली, बाई. इथे येऊन बघायला हवं होतं. तुमचा हात जाऊ शकला असता."

त्यांनी हात पदराला पुसले. "मंग आता कावून आले?"

"झोप येईना."

"बरं झालं, नाई आली ते!" बाकीच्या बाया हसल्या. मला हसता आलं नाही.

दोन्ही काचा पुसून यंत्र चालू केलं. दांडा सावकाश मागे सरकत आपल्या शून्याच्या जागेवर गेला. याला होमिंग म्हणतात, त्याशिवाय तो पुढचं अंतर मोजू शकत नाही. रेघेत आधी बांबू धरला. थांबला. मग माझा हात. थांबला. कमलाबाईंनी तो पुन्हा घालायला लावला, आणि मगच त्या जागेवर उभ्या राहिल्या.

"पुढच्या दसऱ्याले कुकू कुठं लावू?"

मी पॅनेलच्या दारावर पेनाने एक गोल काढून दिला.

ट्रक तासभर उशिरा सुटला. सुधाकरभाऊ निरोपाला आले नाहीत. संत्र्यांची पिशवी मात्र कमलाबाईंच्या हाती पाठवली.

बडनेऱ्याहून परतीची गाडी मिळाली. मूर्तिजापूर गेलं. घरी पोचून शांत झोपेन, असं वाटत होतं. पण पिशवीतली पक्कड पायाला टोचत होती. डाळमिलच्या मालकांना फोन लावला. गोण्या शिवायच्या यंत्रापाशी मी जोडायला सांगितलेली वायर अजून तशीच आहे का, एवढंच विचारलं.

"आहे न, साहेब. मस्त चालून राह्यली. कायले येता?"

तिकीट पुण्यापर्यंतचं होतं. मी अकोल्याला उतरलो.