शाल उतरवल्याचा खुलासा

एप्रिल महिन्यात, पत्र्याच्या सभागृहात, भर दुपारी माणसाच्या अंगावर लोकरीची शाल घालणे याला आमच्याकडे सन्मान म्हणतात. जळगाव जामोदला त्या दिवसांत सातपुड्याकडून येणारा वाराही भट्टीतून निघाल्यासारखा असतो, पण शालीवाचून सत्कार झाला असं कोणी मानत नाही. आणि ती शाल फोटो झाला म्हणून काढायची नसते. प्रमुख पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत ती खांद्यावर राहिली पाहिजे. मी शाळेत मराठी शिकवते आणि गावातल्या बहुतेक कार्यक्रमांचं सूत्रसंचालन माझ्याकडे असतं. घामाने निथळणारे, तरी हसतमुख असे कितीतरी सत्कारमूर्ती मी माइकमागून पाहिले आहेत. त्या दिवशी सत्कार माझा होता.

पण आधी वर्षभर काय चाललं होतं ते सांगायला हवं. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी माझी पाळी कायमची थांबली आणि तिच्या जागी एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. छातीतून एकाएकी धग उठायची, मानेवरून कानांपर्यंत चढायची आणि दोन-तीन मिनिटांत मला ओलीचिंब करून निघून जायची. झोप तुकड्यातुकड्यांनी यायची. सकाळी बोटं आखडलेली असायची. घरात सगळ्यांनी एकमताने याला ‘उष्णता’ हे नाव दिलं. सब्जा, गुलकंद, खडीसाखर असे सगळे उपाय झाले. पोट तेवढं थंड झालं.

माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे याहून ठोस उपाय होता. “पिशवी काढून टाक म्हणलं ना तुले,” त्या म्हणायच्या. “मी काढली, मोकळी झाली. राह्यली का मले काही कटकट?”

हे सांगताना त्या स्वतःच्या गुडघ्याला तेल लावत असायच्या. आमच्याकडे बायकांची गर्भपिशवी दाढेसारखी काढतात. दुखत असेल तर काढायची, आणि दुखत नसेल तर पुढे दुखू नये म्हणून काढायची.

मला मात्र धगीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटत होती. शब्द हरवू लागले होते. फेब्रुवारीत नववीच्या वर्गात अलंकार शिकवत होते. कवी मुंगीला पर्वताएवढी करून दाखवतो, उदाहरण दिलं, हसवलं, आणि फळ्यावर अलंकाराचं नाव लिहायला खडू टेकवला तर नाव नाही. खडू तिथेच. पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “अतिशयोक्ती, बाई.” त्यानंतर ती दर तासाला माझ्याकडे अशी बघायची, जशी घरातली माणसं जिन्यावरून उतरणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघतात. तिने सांगितलेला तिसरा शब्द मी फळ्यावर लिहिला, त्याच दिवशी घरी येऊन स्वेच्छानिवृत्तीचा अर्जही लिहिला. शब्द सापडत नसलेल्या मराठीच्या बाईने वर्गात उभं राहणं ही मुलांची फसवणूक आहे, असं माझं मत होतं. तो अर्ज पर्समध्ये घेऊनच मी सत्काराला गेले. एक अर्ज द्यायचा आहे, एवढं मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं होतं. तारीख तेवढी घालायची होती.

पाहुणे दीड तास उशिरा आले. आदर्श शिक्षिका म्हणून माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, फोटो झाला. पाहुणे बोलायला उभे राहिले. “गुरुजनांनी आयुष्यभर चटके सोसले,” असं ते म्हणत असताना मला धग आली. मी मिनिटभर थांबले. मग शाल काढली, घडी न घालताच टेबलावर टाकली, पाहुण्यांसमोरची पाण्याची बाटली उचलून अर्धी संपवली आणि व्यासपीठावरून उतरून थेट कूलरसमोर जाऊन उभी राहिले. सगळ्या सभागृहाकडे पाठ होती. फार बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत मी क्रांतिकारक झाले होते. आमच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षकाने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की बाईंनी दिखाऊ सत्काराला भर सभेत चपराक दिली. मी फोन करून त्याला खरं कारण सांगितलं.

“ते ठीक आहे मॅडम,” तो म्हणाला, “पण आपण तसं कुठे सांगायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचं पत्र आलं. प्रमुख पाहुण्यांचा अवमान केल्याबाबत आठ दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.

नवऱ्याने पत्र वाचलं. त्यांचं कृषी केंद्र आहे. कपाशीचं पान पाहून ते रोग सांगतात. पण बायकोचा रोग वर्षभर त्यांनी हवामानावर ढकलला होता. ते म्हणाले, “खुलासा मंग लिहू. आधी दवाखान्यात चाल.”

खामगावच्या डॉक्टरीणबाई माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शब्दांचं ऐकताना हसल्या नाहीत, हे मी लक्षात ठेवलं आहे. घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर, पायात रक्ताची गाठ, मला रक्तदाब, असं सगळं विचारलं. तपासण्या लिहून दिल्या, त्यातली एक अकोल्याला जाऊन करावी लागली. मी पिशवी काढण्याचं विचारलं.

“कशाला? तिनं काय केलंय?” त्या म्हणाल्या.

शरीरात जे हार्मोन कमी झालं आहे, ज्यामुळे बहुधा शब्दही हरवतात, ते बाहेरून थोडं द्यायचं, असा उपचार. दंडाला रोज लावायची जेल, आणि पिशवी जागेवर आहे म्हणून तिच्या अस्तराला जपायला झोपताना एक कॅप्सूल. धोका अजिबात नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. माझ्या वयाला, माझ्या तपासण्या पाहता तो कमी आहे, आणि दर वर्षी दाखवायला यायचं, असं म्हणाल्या. कोणीतरी माझ्याशी अतिशयोक्तीशिवाय बोलल्याला बराच काळ झाला होता.

घरी जाऊबाईंनी जाहीर केलं, “हार्मोननं कॅन्सर होते, माय!” नवऱ्याने चष्मा लावून जेलच्या डब्यातला कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. “प्रमाण नीट पाळजो,” ते म्हणाले. “जास्त झालं का पीक जळते.” वर्षभरात माझ्या तब्येतीबद्दल ते एवढ्या आस्थेने प्रथमच बोलले, म्हणून मी पीक व्हायला हरकत घेतली नाही.

मग खुलासा लिहिला. ‘सदर प्रसंगी मला रजोनिवृत्तीमुळे येणारा उष्णतेचा झटका आला होता. शाल लोकरीची होती. पाहुण्यांचा, आयोजकांचा अथवा शालीचा अवमान करण्याचा हेतू नव्हता. उपचार सुरू आहेत.’

मुख्याध्यापकांनी तो वाचला, उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला.

“बाई, हे फाइलले लागते. नुसतं ‘तब्येतीच्या कारणास्तव’ लिहा ना.”

“तब्येतीचंच लिहिलंय सर.”

“हो, पण क्लर्क वाचते, शिपाई वाचते...”

“वाचू द्या. त्यांच्याही घरी बायका आहेत.”

क्लर्कने आवक नोंदवही उघडली. विषयाच्या रकान्यावर त्याचा पेन बराच वेळ थांबला. शेवटी त्याने लिहिलं, ‘शालीबाबत’.

“अन् तुम्ही दुसरा कोणता अर्ज देणार होत्या म्हणे?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“शाळा उघडल्यावर बघू,” मी म्हटलं.

उन्हाळाभर जेल लावली. पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही, आणि मी नेहमीप्रमाणे या विज्ञानावरही संशय घेतला. मग एक दिवस लक्षात आलं, की दुपारचा चहा मी पदराने वारा न घालता प्यायले. झोप सलग येऊ लागली. धग अजूनही येते, पण आधीसारखा मुक्काम करत नाही.

जुलैत तीच मुलं दहावीत आली. पुन्हा अलंकार. मी खडू टेकवला. पहिल्या बाकावरची मुलगी पुढे झुकली, ओठ उघडून तयारच होती. ‘व्याजस्तुती’, मी लिहिलं. वरून कौतुक, आतून टोमणा. ती मागे टेकून बसली, जराशी हिरमुसलेली.

शाल मला त्या आयोजकांनी नंतर घरपोच केली. कपाटात आहे. अर्जही तिच्या घडीत ठेवला आहे. तारीख अजून घातलेली नाही.