उत्तमचं ट्रम्पेट आणि खालचे चार दात

बाळकुम गावात पितळेच्या दोनच वस्तू रोज घासल्या जातात, असं लोक म्हणतात. एक गावदेवीच्या देवळातली समई, आणि दुसरं उत्तम भोईराचं ट्रम्पेट.

उत्तम बावन्न वर्षांचा. दिवसा वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर, आणि लग्नसराईत गावच्या ब्रास बँडात पहिल्या ट्रम्पेटवर. पहिलं ट्रम्पेट म्हणजे चाल धरणारा गडी. बाकीचे त्याच्या मागनं येतात. अठ्ठावीस वर्षं ती जागा उत्तमची. आमच्या आगऱ्यांच्या हळदीत मटण कमी पडलं तर पाव्हणे एकवेळ गप बसतील, पण बँडाचा सूर फाटला तर वर्षभर बोलून दाखवतील.

म्हणून वाजवून झालं की उत्तम आधी खालची बारीक कळ दाबून नळीत साचलेलं पाणी काढायचा. मग माउथपीस धुवायचा, फडक्यानं कोरडं करायचा. रविवारी तिन्ही कळा सोडवून त्यांना तेल, आणि नळीतनं लांब दांड्याचा ब्रश. नळीत घाण साचली की सूर कुजतो, असं तो नव्या पोरांना सांगायचा.

स्वतःच्या तोंडाला मात्र मशेरी. कलावती, त्याची बायको, तव्यावर तंबाखू भाजून डबी भरून ठेवायची. सकाळी ओट्यावर बसून उत्तम बोटानं अर्धा तास घासायचा. त्याच्या आजीनं घासली, आयशीनं घासली. आयस सत्तराव्या वर्षी बोळकी होऊन गेली, पण ते वयानं झालं असं सगळ्यांनी धरलं.

दिवाळीनंतर त्याचे खालचे पुढचे चार दात हलायला लागले. ट्रम्पेटचं माउथपीस ओठावर दाबायचं, आणि ओठामागं टेकू असतो तो या दातांचाच. टेकू हलला की वरचा सूर धरवत नाही. हिरड्यांतनं रक्त यायचं, ठणकायचं. मशेरी घासली की हिरडी बधिर व्हायची आणि ठणका बसायचा. म्हणून तो दिवसातनं तीनदा घासायला लागला. हळदीला निघताना तर हमखास.

साखरेचा आजार त्याला तीन वर्षांचा. गोळ्या चालू, कारल्याचा रस चालू, आणि भात बंद. आगरी माणसानं भात सोडणं म्हणजे अर्धा संन्यास. तरी साखर उतरेना. घोट्यावर लेथचा कीस लागून जखम झालेली, ती दोन महिने ओलीच.

पौषात बँडाची तालीम होती. बँडमास्तर सुदेश, उत्तमपेक्षा दहा वर्षांनी लहान, यानं मधेच हात वर केला.

"उत्तमदादा, वरचा सूर गलतंय."

"कळ अडकतंय," उत्तम म्हणाला.

"तुजी कल? तू तर तिला पोरीवानी तेल लावतस." सगळे हसले. सुदेश नाही हसला. तालीम सुटल्यावर बाजूला घेऊन म्हणाला, "चैत्रात गावदेवीची पालखी हाय. देवलाच्या चढावर तो सूर लागाया पायजे. नाय लागला तर पहिलं ट्रम्पेट प्रितमला देयाला लागेल. राग मानू नको."

प्रितम चाळिशीचा, दुसऱ्या ट्रम्पेटवर, वाजवायला बरा. तेच उत्तमला खुपलं. वाईट असता तर चिंता नव्हती.

घरी आल्यावर कलावतीनं त्याचं तोंड बघूनच ओळखलं.

"आता तरी दातवाल्याकडं चला."

"आनि त्यानं काढला म्हंजी? नजर गेली तर लेथवर काय तू उभी ऱ्हाशील?"

दात काढला की नजर जाते, हे बाळकुमात सगळ्यांना ठाऊक होतं. पुरावा गावातच बसलेला होता. काळुरामकाकांनी ठाण्याला जाऊन दात काढला आणि वर्षाच्या आत आंधळे झाले. तेव्हापासून आमच्या आळीत दातवाल्याचं नाव निघालं की लोक काकांच्या ओट्याकडं बोट करायचे.

कलावती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मग जाऊन त्यानाच विचारा. वीस वर्सं त्यांच्या नावानं भिताव, पन विचारलंय कोनी?"

रविवारी उत्तम गेला. मिठागरं होती त्या बाजूला आता तीस मजली इमारती उभ्या. त्यांच्या सावलीत काकांचा ओटा. काका तांदूळ निवडल्यासारखी बोटं मांडीवर फिरवत बसलेले.

"कोन, उत्तम? चालताना लंगडतंस."

"घोट्याला लागलंय. काका, एक विचारायचं होतं. तुमचा दात काढला, मग डोले गेले. किती दिवसांनी गेले?"

काका म्हणाले, "दात काढायच्या आधीपासूनच कमी दिसत व्हतं."

"आँ?"

"साखर व्हती मना. चारशे-साडेचारशे. दात हालले ते तिच्यामुलं, डोले गेले ते पन तिच्यामुलं. डोल्यांच्या डॉक्टरनी सांगितला व्हता. गोल्या मी खाल्ल्या नाय."

"मग एवढी वर्सं दातवाल्याला शिव्या?"

"स्वतःला देऊ काय? एका मानसावर ढकलला का बरा असतंय. आनि तो दातवाला मेला, तो काय सांगाया येतंय." काकांनी तोंड त्याच्याकडं वळवलं. "तुना साखर हाय ना?"

"हाय."

"आनि दात हालतान?"

"चार."

"मग हितं माझ्या बाजूला बसाया जागा हाय," काका म्हणाले आणि ओट्यावर हात आपटून जागा दाखवली.

उत्तम बसला नाही. सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून, कलावतीला घेऊन तो घोडबंदर रोडवरच्या दवाखान्यात गेला.

दातांची डॉक्टर संचिता, तिशीतली, बोलायला सरळ. एक्सरे बघून ती म्हणाली, "काका, दात किडलेले नाहीत. दातांना धरणारं हाड आणि हिरडी खराब झालीय. हिरडीत पू आहे. शरीरात कुठंही अशी सूज राहिली की साखर खाली यायला त्रास देते. आणि साखर वाढलेली असली की हिरडी भरून येत नाही. दोघी एकमेकींना खायला घालतायत."

"मशेरीनं तर बरं वाटतंय."

"बधिर होतं, म्हणून दुखत नाही. आत काम चालूच. तोंडाच्या कॅन्सरची भीती आहे ती वेगळीच." तिनं त्याच्या ओठावरचा गोल वण बघितला. "हे काय?"

"ट्रम्पेट."

"रोज वाजवता? मग ते साफ कसं ठेवता?"

उत्तमला आवडीचा विषय मिळाला. पाणी काढणं, माउथपीस धुणं, तेल, लांब ब्रश, नळीत घाण साचली की सूर कुजतो, सगळं त्यानं हातवारे करून सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिली.

कलावती शेजारच्या स्टुलावरून म्हणाली, "पितलेच्या तोंडाला ब्रश, नि मानसाच्या तोंडाला राख."

डॉक्टरनं हसू आवरत कागद ओढला. हिरड्यांच्या आतून सफाई, चार वेळा. एक दात वाचणार नाही, तो काढायचा, साखर थोडी आटोक्यात आली की. बाकीचे तीन मागून बारीक तारेनं बांधायचे, काढलेल्याच्या जागी खोटा दात चिकटवायचा. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. मशेरी बंद. आणि दोन महिने ट्रम्पेट तोंडाला लावायचं नाही.

"पालखीला अडीच महिने हायेत," उत्तम म्हणाला.

"मग पंधरा दिवस मिळतात तुम्हाला."

मशेरी सोडणं भातापेक्षा जड गेलं. पहिले आठ दिवस पोट साफ होईना. मशेरी तोंडात गेल्याशिवाय आतडी जागी व्हायची सवयच नव्हती. सकाळी संडासात तासभर बसून तो बाहेर यायचा आणि कलावतीवर डाफरायचा. तिनं डबीतली मशेरी गटारात ओतली आणि डबीत त्याचा नवा ब्रश ठेवला. सकाळी त्याचं बोट सवयीनं डबीत जायचं, ब्रशाला लागायचं. शिव्या देत घासायचा, पण घासायचा.

दात काढला त्या दिवशी घरी आल्या आल्या त्यानं लेथचं मोजमापाचं यंत्र पिशवीतनं काढलं आणि खिडकीत उभं राहून त्यावरच्या बारीक रेघा वाचल्या. सगळ्या दिसल्या. दुसऱ्या दिवशीही वाचून बघितल्या. आठ दिवसांनी सोडून दिलं.

फाल्गुनात घोट्याच्या जखमेवर खपली धरली. साखरेची तीन महिन्यांची सरासरी साडेनऊ टक्क्यांवरून पावणेनऊवर आली. साखरेचा डॉक्टर म्हणाला, अजून पुष्कळ खाली यायचंय, पण गोळी वाढवत नाही. उत्तमला तेवढं पुरलं.

दोन महिन्यांनी ट्रम्पेट ओठाला लावलं तेव्हा ओठ परका झालेला. खालचे सूर लागले. वरच्याला तार बांधलेल्या दातांवर किती दाबावं याचा अंदाज येईना. जोर कमी आणि पोटातनं हवा जास्त, असं त्याला नव्यानं शिकावं लागलं. पंधरा दिवस तो खाडीकडं जाऊन वाजवायचा.

पालखीच्या आदल्या तालमीला तो स्वतःच सुदेशला म्हणाला, "पूर्ण रस्ता मना जमनार नाय. गावातनं प्रितम वाजवंल. चढ माजा."

"चढच तर कठीन हाय, दादा."

"म्हनून तर."

प्रितम म्हणाला, "दादा, तुजा दात उडून देवीच्या पालखीत पडला तर?"

"तर नवस फेडला म्हनून सांग."

संध्याकाळी पालखी निघाली. गावभर प्रितमनं चाल धरली आणि चांगली धरली. देवळाच्या चढाला तो एक पाऊल मागं सरला. उत्तम पुढं आला, पाय रोवले, आणि वरचा सूर घेतला. पूर्वीसारखा भरदार नव्हता. पण लागला, आणि पालखी वर पोचेपर्यंत टिकला.

चढाच्या वाटेवरच काळुरामकाकांचा ओटा. बायका नाचत होत्या, पोरं शिट्ट्या मारत होती. काका मान तिरकी करून ऐकत होते. शेजारच्या मीराबाईंनी विचारलं, "कसं वाजवतंय आपला उत्तम?"

"बारीक झालाय सूर," काका म्हणाले. "पन गलत नाय."

वर देवळापाशी उत्तमनं खालची कळ दाबून ट्रम्पेटमधलं पाणी काढलं, माउथपीस धुतलं. मग पेटीतनं दुसरा, आखूड दांड्याचा ब्रश काढला आणि नळावर दात घासत उकिडवा बसला. पोरं हसत होती. त्याला घाई नव्हती.