आवाज गेलेल्या फाइली

ग्रंथालयाच्या तळघरात व्हिडिओ विभाग सांभाळणाऱ्या बाईंना सगळे टापटीपताई म्हणत, आणि त्यांना ते मनापासून आवडे. का नाही आवडणार? टेबलावर पेन तिरकं पडलेलं खपायचं नाही त्यांना! कारखान्यात जन्म घालवलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती या विभागात साठवल्या होत्या, आणि कॉम्प्युटरच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक मुलाखतीपुढे त्या माणसाचा चेहरा दिसे.

जुन्या कॅमेऱ्यातल्या फाइली तेवढ्या अडून बसल्या होत्या. कॅटलॉगला त्यांचा फॉरमॅट चालत नसे. चेहऱ्याच्या जागी नुसता राखाडी चौकोन! ताईंच्या डोळ्यांत ते चौकोन सलत. शेवटी त्यांनी एका प्रोग्रामने त्या सगळ्या फाइली नव्या फॉरमॅटमध्ये बदलून घेतल्या. चेहरे उमटले, तशा जुन्या फाइली पुसून टाकल्या. एकाच मुलाखतीच्या दोन-दोन फाइली कशाला ठेवायच्या? साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ताई त्यानंतर कितीतरी दिवस हवेत होत्या.

आणि मग ड्रायव्हरकाका आले. ग्रंथालयाची पुस्तकांची गाडी यांनीच चालवली, रिटायर होईपर्यंत. त्यांची बायको कारखान्यात शिवणकाम करायची. नुकतीच गेली होती.

"ताई, हिची मुलाखत आहे म्हणे तुमच्याकडे. घरात फोटो ढिगाने आहेत हो, पण आवाज कुठेच नाही. एकदा ऐकवा."

"एवढंच ना? बसा की!"

ताईंनी चुटकीसरशी फाइल काढून काकांच्या कानांवर हेडफोन चढवला. पडद्यावर काकू हातवारे करून काहीतरी रंगवून सांगत होत्या, मध्येच खो खो हसत होत्या. काकांनी हेडफोन दाबून धरला. मग तो उतरवला, कानातलं मशीन काढलं, त्यावर फुंकर मारली, पुन्हा घातलं.

"आवाज वाढवता का जरा?"

ताईंनी तो शेवटपर्यंत वाढवला.

"मेलं हे मशीन!" काका ओशाळून हसले. "जन्मभर तिचं ऐकलं नाही, त्याचा सूड उगवतंय. दुरुस्त करून येतो. तुम्हाला उगाच त्रास दिला."

ते उठले, तेव्हा ताईंनी सहज हेडफोन आपल्या कानाला लावला. काहीच नाही. दुसरी फाइल लावली, तिसरी लावली. जुन्या कॅमेऱ्यातली सगळी माणसं मुकी! फाइली बदलणाऱ्या प्रोग्रामला चित्र कळलं होतं, आवाजाचा जुना फॉरमॅट कळला नव्हता. त्याने आवाज गुपचूप गाळून टाकला होता. आणि ताईंनी बदललेली प्रत्येक फाइल तपासली होती, अगदी प्रत्येक, पण स्पीकर बंद करून. दिवसभर ती म्हाताऱ्यांची बडबड कोण ऐकत बसणार? चेहरा दिसला की झालं.

काका दारातच बूट चढवत होते. खरं सांगायला तोंड उघडलं खरं, पण ताई म्हणाल्या काय, तर "हो, मशीन दाखवूनच घ्या." शी! स्वतःचे शब्द ऐकून त्यांच्या कानशिलांपर्यंत आग गेली.

मग घास गोड लागेना. कॉम्प्युटरवाल्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. त्याने खटपट करून हात टेकले. पुसलेल्या जागेवर केव्हाच दुसऱ्या फाइली बसल्या होत्या. ताईंना साहेबांची भीती नव्हती वाटत. काका परत येतील, याची वाटत होती.

ते आलेच. इस्त्रीचा शर्ट, कानात नवीन मशीन. "लेकीने घेऊन दिलं. आता टाचणी पडली तरी ऐकू येते! लावा." ताईंनी फाइल लावली, पण हेडफोन पुढे केला नाही.

"काका, तुमचं जुनं मशीनही चांगलंच होतं," ताई खाली मान घालून म्हणाल्या. "फाइल बदलताना काकूंचा आवाज मी घालवला. आता तो परत नाही मिळायचा. आणि तुम्ही त्या दिवशी दारात होतात ना, तेव्हाच मला हे कळलं होतं. तरी मी तुम्हाला मशीन दाखवायला पाठवलं."

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती खुर्ची पडद्यापुढे ओढली.

"बरं. आवाज गेला तर गेला. पण टापटीपताई तुम्ही, सगळं तपासलं असणारच. मग तुम्हीच सांगा ना ताई, इथे एवढी हसतेय, ते काय सांगून?"

काकू पुन्हा पुन्हा हसत होत्या.

"मी ऐकलं नाही काका," ताई म्हणाल्या. "एकदाही नाही."