तुळसीने हातात न घेतलेलं ताट

तुळसी टपाल खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेली. चेन्नईजवळच्या तांबरमला दोन खोल्यांचं घर, आणि जन्मात कुणाशी चढ्या आवाजात बोलल्याची आठवण नाही. तिची भाची श्रीविद्या नवऱ्याविरुद्ध महिला पोलीस ठाण्यात तक्रार देऊन, मनगटाला प्लास्टर घालून दारात उभी राहिली, तेव्हा तुळसीने एवढंच विचारलं, "जेवलीस?"

रविवारी सकाळी समेटवाले आले. पुढे भीमसेनदादा. तंजावरहून चेन्नईत आलेल्या मराठी मंडळींत भांडणं मिटवायचा मक्ता त्यांचाच. बायकोने मार खाल्ला की ते नवऱ्याला एक शब्द रागावायचे, बायकोला तासभर समजवायचे आणि पोटभर जेवून घरी जायचे. मागे वेंकट, विद्याचा नवरा, बँकेतला अधिकारी. कपाळावर ताजं गंध. ज्या हाताने बायकोचं मनगट मोडलं, त्याच हातात मोगऱ्याचा गजरा.

दादांनी ताट पुढे केलं. नारळ, विडे, हळदकुंकू, टी. नगरहून आणलेली रेशमी साडी. मुलीकडच्या वडीलधाऱ्याने असं ताट हातात घेतलं की बोलणं संपलं, असा त्यांचा रिवाज. विद्याचे आईवडील गेलेले; वडीलधारी म्हणून उरली तुळसीच.

"पोलीस परके, अम्मा. आपलं आपल्यात. घे, म्हणजे उद्या ती तक्रार मागे घेईल. त्या इन्स्पेक्टरबाईंनाही मी फोन करून सांगितलंय, समेट झाला म्हणून."

आतल्या खोलीत विद्या दाराला कडी लावून ऐकत होती. आत्याचे हात पुढे गेले की आपल्याला आजच त्या घरी जावं लागेल, हे तिला ठाऊक होतं. तुळसीलाही.

तुळसीने हात पदराखाली घेतले.

"दादा, विधवेच्या हातात कुंकवाचं ताट देत नाहीत ना? तुमच्या अदितीच्या लग्नात तुम्हीच मला मागच्या खोलीत बसवलंत."

"ते वेगळं. अडचणीला चालतं."

"तुमच्या अडचणीला! तेवढा वेळ माझं अशुभ कुठे जातं? कॉफी प्यायला?"

दादांनी ताटातला नारळ उगाच सरळ केला. इतक्या वर्षांच्या मध्यस्थीत त्यांना कुणी प्रश्नच विचारला नव्हता.

"म्हातारे, बाजूला हो!" वेंकटने गजरा फेकला आणि आतल्या दारावर लाथ मारली. "विद्या, बाहेर ये!"

"कण्णा, हळू रे बाळा," दादा कुजबुजले. "शेजारी ऐकतील."

दार मोडेल, दारामागची बाई मोडेल, याची चिंता नाही, शेजारी ऐकतील!

तुळसीने ठाण्यातल्या बाईंनी दिलेला नंबर लावला. नाव, पत्ता आणि चाललेला प्रकार तिने स्वच्छ तमिळमध्ये सांगितला, तोही शेजाऱ्यांना नीट ऐकू जाईल असा.

"मी नुसता मध्यस्थ हां," म्हणत भीमसेनदादा ताटासकट जिन्याकडे सुटले. वेंकटने आणखी एक लाथ घातली; पण समोरच्या घरातली माणसं बाहेर आलेली दिसताच त्याचं शौर्य तिथेच आटोपलं. बायकोपुरतंच होतं ते.

तोही जिना उतरून गेल्यावर थोड्या वेळाने पोलीसबाई आल्या. "समेट झाल्याचा फोन होता ना?"

"दादांचा आणि वेंकटचा झाला असेल," तुळसी म्हणाली. "हिला कुणी विचारलं नाही."

विद्या बाहेर आली. दारावरच्या लाथांचा जबाबही नोंदवला गेला. संरक्षणाच्या आदेशासाठी कोर्टात अर्ज कसा करायचा, ते बाईंनी समजावलं.

"अर्जात पत्ता कुठला लिहू, आत्या?"

"हा काय विचारायचा प्रश्न झाला? इथलाच."